पागनिसांचं संध्याकाळचं गंध

भालचंद्रपंत पागनिसांनी जन्मात पागा पाहिली नव्हती. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले तेव्हा घोड्यांचे हिशेब ठेवत असत म्हणे. पुढे घोडे गेले, हिशेब गेले, आडनाव तेवढं राहिलं. आता नुसत्या आडनावावर माणसाला पोसायचं तर त्याला काहीतरी काम द्यायला हवं. म्हणून दरबारातल्या कुणा शहाण्याने पागनिसांच्या हाती सहाण आणि चंदनाचं खोड दिलं. दरबार भरला की विडा एकाने द्यायचा, अत्तर दुसऱ्याने लावायचं आणि मानकऱ्यांच्या कपाळी गंध पागनिसांनी लावायचं.

तुम्हा-आम्हाला वाटेल, यात काय मोठंसं! पण पंतांपुढे तसं कुणी म्हणून बघावं. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला दोन बोटं रुंद, कुणाला नुसता टिळा, घामट कपाळ आधी कसं टिपून घ्यायचं, सुरकुत्यांच्या कपाळावर ओळ सरळ कशी ठेवायची, हे सगळं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. "माणसाचं तोंड मी विसरेन, कपाळ विसरणार नाही," असं ते म्हणत, आणि ते खरं होतं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि मध्य भारत नावाचं राज्य निघालं. त्या राज्यात कपाळांना गंध लावायचं खातंच नव्हतं. पंतांना बांधकाम खात्यात आवक-जावक कारकून केलं. दौलतगंजातल्या घरापासून मोतीमहालातल्या कचेरीपर्यंत सायकलीवर जायचं, आलेल्या कागदांवर शिक्का मारायचा आणि संध्याकाळी परत यायचं. दरबारी पगडी पेटीत गेली आणि डोक्यावर टोपी आली. मात्र टोपी ते चांगली मागे सरकवून घालत, कारण कपाळावरचं आडवं, रुंद, दरबारी मापाचं गंध झाकलं जाता कामा नये. रोज सकाळी आंघोळ झाली की आजोबांच्या सहाणेवर खोड घासून ते कपाळाला, गळ्याला आणि दोन्ही दंडांना गंध लावत. मग सायकल बाजारातून निघाली की पानवाला हात जोडी, कापडवाले मान लववत, एखादा म्हातारा सरदार टांगा थांबवून विचारपूस करी. कचेरीत ते शिक्के मारणारे कारकून होते, पण वाटेवर ते पागनीस होते. त्या वाटेसाठीच ते कचेरीत जात, असं म्हटलं तरी चालेल.

छपन्न सालच्या चैत्रात पंतांच्या कपाळाला खाज सुटली.

आधी त्यांनी दुर्लक्ष केलं. मग कपाळावर लाल पुरळ आलं, मग गळ्यावर, मग ते पसरून डोळ्यांच्या पापण्या सुजल्या. आठवडाभरात चेहरा असा झाला की खसखशीवर थापलेला अनरसा बरा. पत्नी शामलाबाईंनी तो अनरसा उजेडात धरून नीट पाहिला आणि निदान केलं, "उष्णता आहे. मी तर केव्हाची सांगते आहे, दुपारचं सायकल मारत फिरू नका. थांबा, चंदनाचा लेप देते."

चंदन थंड, हे कुणाला माहीत नाही? शामलाबाईंनी सहाणेवर वाटीभर चंदन उगाळलं आणि पंतांचं तोंड, मान, हातांच्या पाठी सारवून काढल्या. वाळल्यावर पंत ते तसंच अंगावर ठेवून कचेरीला गेले. उन्हाला अडवायला ढाल बरी, असा त्यांचा हिशेब. दोन दिवसांनी हातांच्या पाठीही फुलल्या.

"लेप कमी पडला," शामलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मोठी वाटी घेतली.

यातली गंमत अशी होती की दुखणं ताबडतोब येत नसे. सोमवारी उन्हातून हिंडावं तर मंगळवारी काहीच नाही आणि बुधवारी सकाळी तोंड टरारून फुगलेलं. त्यामुळे पंत दरवेळी मंगळवारी काय खाल्लं याची चौकशी करत. अशा चौकशीत आधी वांगं सापडलं, मग मसूर, मग लोणचं, मग मेहुण्याने पाठवलेले पेढे. एकेक पदार्थ घरातून हद्दपार होत गेला. शेवटी पंत मुगाच्या खिचडीवर आले आणि तरीही बुधवारी चेहरा फुगलाच. तेव्हा त्यांनी शेजारच्या घरातल्या महिपतरावांची दृष्ट लागली असा संशय घेतला.

महिपतराव जाधव पंतांच्याच विभागात, समोरच्या टेबलावर बसत. घराणं शिलेदारांचं, अंगापिंडाने दणकट, आणि दुसऱ्याच्या दुखण्यात त्यांना मनापासून रस. "पंत," ते म्हणाले, "माझी दृष्ट लागायला तुमच्या तोंडात आहे काय? मी सांगतो. रविवारी घरी असता, सुट्टीत घरी असता, तेव्हा कुठे काय होतं? हे कचेरीचं दुखणं आहे. मलाही आहे, फक्त बाहेर फुटत नाही."

गंमत सोडली तरी त्यात तथ्य होतं. घरात असले की पंत बरे राहत. टोपीखालचं डोकं स्वच्छ होतं, सदऱ्याखालची पाठ स्वच्छ होती. आषाढात आभाळ भरून आलं आणि महिनाभर ऊन दिसलं नाही, तर चेहरा पूर्ववत झाला. शामलाबाईंनी ते श्रेय मांढऱ्याच्या देवीला बोललेल्या नवसाला दिलं आणि खणानारळाने ओटी भरून आल्या. आणि मग आश्विन लागला. ग्वाल्हेरला आश्विनाचं ऊन म्हणजे जेठाच्या उन्हाचा धाकटा, पण जास्त द्वाड भाऊ. पंतांचा अनरसा पुन्हा तळला गेला. आता शंकाच उरली नाही. पंतांचा शत्रू सूर्य होता.

त्याच पंधरवड्यात कचेरीत दुसरं ऊन तापलं. राज्यांची पुनर्रचना होऊन मध्य भारत मोडणार, नवा मोठा मध्य प्रदेश होणार आणि त्याची राजधानी भोपाळला जाणार, हे पक्कं झालं. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या उचलून भोपाळला न्यायच्या. कोणी जायचं याची यादी भिंतीवर लागली आणि तिच्यात पंतांचा अख्खा विभाग होता.

पंत यादीसमोर बराच वेळ उभे राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत. शामलाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथं मला कोण ओळखणार? संस्थान गेलं तेव्हा काम गेलं, ते सोसलं. पण इथं निदान रस्ता तर ओळखतो. भोपाळमध्ये मी फक्त शिक्के मारणारा राहीन."

शामलाबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःचंही वाढून घेतलं नाही.

तोड काढली ती महिपतरावांनी. "पंत, तुम्ही तर कमालच करता. रोग घेऊन बसलाय आणि वापरत नाही! आजारी माणसाला इथंच ठेवायची सोय आहे. वैद्यकीय मंडळ बसणार आहे. तुम्ही जा, तोंड दाखवा. हे तोंड बघून कोण भोपाळला पाठवेल?"

ज्या पुरळाला पंत सहा महिने शिव्या घालत होते, ते एका क्षणात घरचं माणूस झालं. आता फक्त कुणा डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं होतं. थाटीपुरला सरकारी वसाहतीजवळ उषाताई नावाच्या नव्या डॉक्टरीण बाई बसत. ग्वाल्हेरच्याच होत्या, मुंबईला शिकून आल्या होत्या आणि कातडीच्या विकारांचं त्यांना वेड आहे असं ऐकिवात होतं. पंत दुपारच्या उन्हातून, मुद्दामच, त्यांच्याकडे गेले.

उषाताईंनी आधी चेहरा पाहिला, मग सदरा काढायला लावला. पंतांना ते आवडलं नाही. उषाताई मात्र त्यांच्या दंडांकडे बघत राहिल्या.

"काका, हे दंडाला काय लावलंय?"

"गंध. रोजचं."

"कपाळाला तेच?"

"तेच. एकाच सहाणेवरचं."

"आणि दंडाला पुरळ नाही. बात मजेची आहे," उषाताई म्हणाल्या. "प्रमाणपत्राचं नंतर बघू. आधी एक परीक्षा करू या."

परीक्षा अशी होती. पंतांच्या पाठीवर दोन जागी चंदन लावून वर काळा कागद चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी एका जागेचा कागद काढून तिथं थोडा वेळ ऊन द्यायचं, दुसरी झाकलेलीच ठेवायची. आणि तिसरी एक जागा, जिथं चंदन नाही, ती नुसती उन्हात धरायची. मग दोन दिवस थांबायचं.

ऊन द्यायचं काम घरच्या गच्चीवर करायचं ठरलं. पंत उघड्या पाठीने पाटावर बसले आणि शामलाबाई मागे ओली गोधडी घेऊन उभ्या राहिल्या, कारण ठरलेल्या तुकड्याशिवाय ऊन कुठेही पडू द्यायचं नव्हतं. दौलतगंजात गच्च्या एकमेकींना इतक्या लागून आहेत की एकीवर कुणी शिंकलं तर तिसरीवर "जियो" म्हणतात. बघता बघता चहूकडे डोकी उगवली. पलीकडच्या दुर्गाबाईंनी विचारलं, "भाभी, क्या हो रहा है? कोई पूजा है क्या?"

"सूर्याची," शामलाबाई म्हणाल्या आणि गोधडी आणखी वर धरली.

दोन दिवसांनी उषाताईंनी पाठ पाहिली. झाकलेलं चंदन होतं तिथं काही नव्हतं. नुसतं ऊन लागलं होतं तिथंही काही नव्हतं. पण जिथं चंदनावर ऊन पडलं होतं, तिथं चौकोनी, लालभडक, फोडांनी भरलेला तुकडा उठून आला होता. शामलाबाईंनी तो बघितला आणि त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला. वाटीभर, मग मोठी वाटीभर, सहा महिने आपण नवऱ्याच्या तोंडाला काय थापत होतो, ते त्यांना कळलं. त्या रडवेल्या झाल्या आणि लगेच त्यांना हसूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी लपवता येईना.

"काका, बसा," उषाताई म्हणाल्या. "चंदन एकटं गरीब आहे. ऊनही एकटं तुमचं काही बिघडवत नाही. पण कातडीवर चंदन असताना ऊन पडलं, की उन्हातला एक न दिसणारा भाग चंदनातलं एखादं द्रव्य बदलून टाकतो. ते बदललेलं द्रव्य कातडीतल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. आता ही जी दोघांची मिळून नवी वस्तू झाली, ती तुमच्या शरीराने आधी कधी पाहिलेलीच नाही."

"म्हणजे विलीनीकरण," पंत म्हणाले.

"बिलकुल! आणि शरीरात पहारेकरी असतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. पहिल्या भेटीत त्या काही करत नाहीत, नुसती ओळख लक्षात ठेवतात. तुम्हाला पत्ताही लागत नाही. पुढे तीच वस्तू पुन्हा दिसली, की आपला नव्हे, परका आहे, म्हणून हाकाटी करतात आणि फौज गोळा करतात. आग, सूज, खाज, ही सगळी त्या फौजेची करामत. फौज जमायला दिवस-दोन दिवस लागतात. म्हणून सोमवारच्या उन्हाचं फळ बुधवारी मिळतं आणि तुम्ही वांग्याला बोल लावता. याला ॲलर्जी म्हणतात."

"पण मी जन्मभर गंध लावतोय. माझे वडील लावत, आजोबा लावत. फौजेला आत्ताच बरी जाग आली?"

"आजोबांच्या डोक्यावर पगडी होती ना? आणि काम महालात, सावलीत. तुम्ही आठ वर्षं टोपी मागे सारून भर उन्हात सायकल चालवताय. पहारेकऱ्यांनी कुणाला कधी परकं ठरवावं याचा काही नियम नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते कधीच ठरवत नाहीत. तुमच्या बाबतीत ठरवलं, आणि एकदा ठरवलं की सहसा विसरत नाहीत."

पंतांनी बोटांनी कपाळ चाचपलं. विलीनीकरणाने काम घेतलं होतं, पगडी घेतली होती, आता कपाळही मागायला आलं होतं. उषाताईंना त्यांची दया आली. "औषध काही लागणार नाही," त्या म्हणाल्या. "उन्हात जाताना चंदन नको, बस. सावलीत, कपड्याखाली, अंधारात ते तुम्हाला काही करणार नाही. दंडांचं बघा की."

"आणि प्रमाणपत्र?"

"लिहीन तर पूर्ण लिहीन. चंदन सोडलं की माणूस ठणठणीत, हेही लिहीन."

असं प्रमाणपत्र घेऊन पंत काय करणार? वाटेत त्यांनी सगळा विचार केला. गंध सोडलं तर चेहरा बरा होणार आणि बऱ्या चेहऱ्याच्या माणसाला भोपाळला जावं लागणार. गंध ठेवलं तर ग्वाल्हेर राहणार आणि त्याबरोबर अनरसाही राहणार. दौलतगंजाच्या वळणावर पानवाल्याने हात जोडले, "पंडितजी, राम राम." पंतांचा निर्णय तिथंच झाला. अनरसा तर अनरसा, पण इथंच.

दरम्यान गल्लीत ॲलर्जी हा शब्द पसरला होता. तोवर तिथं मधुमेह हे सर्वांत खानदानी दुखणं होतं. आता मधुमेहवाले मागे पडले. ज्याला त्याला कशाची तरी ॲलर्जी निघाली. महिपतरावांना सासुरवाडीची निघाली.

वैद्यकीय मंडळ दसऱ्यानंतर बसायचं होतं. प्रमाणपत्राचा नाद सोडून पंतांनी आता शास्त्र हातात घेतलं; मंडळापुढे तोंड हेच प्रमाणपत्र. फौज जमायला किती वेळ लागतो हे कळलं होतं, तेव्हा दोन दिवस आधी त्यांनी कपाळ, गाल, गळा, हात यांवर घट्ट चंदन लावलं, टोपी खिशात घातली आणि भर दुपारी थाटीपुरपर्यंत सायकल मारून परत आले. वाटेत उषाताईंच्या दवाखान्यावरून जाताना मात्र मान दुसरीकडे फिरवली. शामलाबाई दारात उभ्याच होत्या. "लोक दुखणं जावं म्हणून खटपट करतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर त्याला सायकलीवर बसवून फिरवता आहात."

मंडळाच्या दिवशी चेहरा इतका सुंदर फुलला होता की रांगेतल्या माणसांनी पंतांना न सांगताच पुढे जाऊ दिलं. मंडळाचे अध्यक्ष बाहेरून आलेले एक वयस्कर, कनवाळू सर्जन होते. त्यांनी चष्मा चढवला आणि हळहळले.

"अरे राम राम! ये कब से है?"

"चैत से, साहब. धूप में निकलते ही हो जाता है."

"बारिश में?"

"बारिश में ठीक था, साहब."

अध्यक्षांनी शेजारच्या दोघांशी हलक्या आवाजात बोलणं केलं. पंत हात जोडून उभे राहिले. महिपतराव दारातून डोकावून मान हलवत होते, की झालं काम. मग अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले, "देखिए पागनीस साहब, ग्वालियर की धूप तो मशहूर है. यहाँ रहे तो आपकी चमड़ी नहीं बचेगी. भोपाल में ताल है, पेड़ हैं, हवा नरम है. हम आपको पहले ही जत्थे में भेज देते हैं. बीमारी के आधार पर."

पंतांनी तोंड उघडलं. "साहेब, ऊन नाही, गंध..." एवढं मनात जुळलं आणि तिथंच थांबलं. खरं सांगावं तर बरा माणूस म्हणून यादीप्रमाणे भोपाळ, शिवाय वर लबाडी. खोटं रेटावं तर आजारी माणूस म्हणून भोपाळ. पंतांनी तोंड मिटलं. अध्यक्षांना वाटलं, बिचाऱ्याचा कंठ दाटून आला. खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "अरे, इसमें शुक्रिया की क्या बात है!" आणि मग पंतांना आभारही मानावे लागले.

खरी थट्टा तर आठवड्याने झाली. वरून नवा हुकूम आला, की बांधकाम खात्याचा हा विभाग पुढील आदेशापर्यंत ग्वाल्हेरलाच राहील. इतर कारणांनी ज्यांची बदली आधीच झाली असेल, ती मात्र कायम. असा माणूस एकच होता. महिपतरावांनी हा हुकूम वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पंतांची थट्टा सुचली नाही. त्यांनी घरी येऊन नुसतं शामलाबाईंच्या हातचं पाणी मागितलं आणि खाली मान घालून प्यायले.

निघायच्या दिवशी सकाळी पंतांनी आंघोळ केली, सहाण पुसली, धोतरात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. कपाळ मोकळंच ठेवलं. जिच्यासाठी हे सगळं केलं ती वाटच सुटत होती, मग त्या वाटेवर अनरसा घेऊन कशाला जायचं? टांगा बाजारातून निघाला. पानवाल्याने ते उघडं कपाळ पाहिलं आणि तो दचकून उभा राहिला. सुतक असल्याशिवाय पागनिसांच्या कपाळी गंध नाही, असं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"पंडितजी! कौन गुज़र गया?"

पंतांनी टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. "संस्थान," ते म्हणाले.

"वो तो आठ साल हुए."

"हमें आज पता चला," पंत म्हणाले आणि टांगा पुढे गेला. शामलाबाईंनी पदराने डोळे टिपले. पंतांनी टिपले नाहीत, त्यामुळे त्यांचे स्टेशनपर्यंत वाहत राहिले.

भोपाळला त्यांना दोन खोल्यांचा सरकारी गाळा मिळाला. भिंतींचा चुना अजून ओला होता. एका ओळीत नागपूरचे, इंदूरचे, रीव्याचे, ग्वाल्हेरचे असे कारकून भरले होते आणि कोणीच कोणाला ओळखत नव्हतं. सगळे आपापल्या गावचा मोठेपणा सांगत आणि ऐकायला कोणी नसे. पंतांचा चेहरा आता लख्ख होता. नव्या कचेरीत कुणी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यांनी भीती बाळगली होती ती ही अशीच होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला नवं राज्य झालं आणि लागलीच दिवाळी आली. पाडव्याच्या संध्याकाळी शामलाबाईंनी दारात पणत्या लावल्या. ओळीतली मंडळी, घरची आठवण येऊन, आपापल्या दारात उगीच उभी होती. पंत आत खाटेवर बसले होते.

"अहो," शामलाबाई म्हणाल्या, "बाहेर बघा जरा."

"काय बघायचं?"

"सूर्य. आहे का कुठे?"

पंतांनी मान वळवून दाराबाहेरचा अंधार पाहिला.

"ती डॉक्टरीण काय म्हणाली होती? अंधारात काही करणार नाही म्हणाली होती. मग सहाण काय ट्रंकेत अंडी घालायला आणली आहे? झोपायच्या आधी तोंड धुवा म्हणजे झालं."

पंतांनी सहाण काढली. पाण्याचा थेंब टाकून खोड फिरवलं आणि त्या कोऱ्या चुन्याच्या वासात चंदनाचा वास मिसळला. त्यांनी आधी स्वतःच्या कपाळाला आडवं, रुंद, दरबारी मापाचं गंध लावलं. मग वाटी घेऊन ते दारात आले. शेजारच्या दारातला नागपूरचा कारकून, भांबावलेला तरुण माणूस, वास ओळखून पुढे झाला आणि त्याने आपणहून कपाळ पुढे केलं. पंतांनी ते टिपलं, निरखलं आणि एका बोटाने ओळ ओढली. आठ वर्षांत हात तसूभर चुकला नव्हता. मग रीव्याचे पांडे आले, मग इंदूरचे दोघे, मग ओळीच्या टोकाला राहणारा शिपाई दौलतसिंह. आधी कोण, नंतर कोण, हा प्रश्न तिथं पडलाच नाही, कारण नव्या राज्यात कोण कोणापेक्षा ज्येष्ठ हे सरकारलाही अजून कळलं नव्हतं. पंतांचे डोळे भरून आले आणि त्यांना आनंद झाला. फार दिवसांनी झाला.

"पर पंतजी," पांड्यांनी विचारलं, "संध्या को तिलक? हमारे यहाँ तो सवेरे लगता है."

पंतांनी शामलाबाईंकडे पाहिलं. शामलाबाईंनी पणतीची वात सारखी करायला मान खाली घातली.

"हमारे ग्वालियर में यही रिवाज है," पंत म्हणाले.

पुढे दर सणाला दिवेलागणीनंतर पागनिसांच्या दारात रांग लागे. पंत निवृत्त व्हायच्या सुमारास एका दिवाळीला त्या ओळीत नवा माणूस राहायला आला. तो सकाळीच कपाळ पुढे करून दारात उभा राहिला, तर पांड्यांनी त्याला बाहेरच अडवलं. "अभी नहीं भैया," ते म्हणाले, "सूरज ढलने दो. ये पागनीस हैं, ग्वालियर दरबारवाले. सौ साल से इनके यहाँ ऐसा ही चला आ रहा है."

आत पंतांनी ते ऐकलं. ते दुरुस्त करायला उठले, दारापर्यंत आले, आणि परत जाऊन सहाण धुवायला बसले.